युरियाची गोणी आणि विंडोज अकरा

अण्णा आले ते ॲक्टिव्हावर, दोन पायांच्या मध्ये सीपीयू उभा धरून. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला. आमच्याकडे संगणकाच्या अख्ख्या डब्याला सीपीयूच म्हणतात, आतल्या चिपला मग काय म्हणायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही. अण्णांचं बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र आहे आणि चार दुकानं सोडून माझं संगणक दुरुस्तीचं.

"फॉरमॅट मारू नकोस," टेबलावर ठेवायच्या आधीच ते म्हणाले. "सात वर्षांची उधारी आहे ह्याच्यात."

"पण झालंय काय?"

"काही झालं नाही, तेच तर. मस्त चाललाय. पण मधूनच स्क्रीन अडवून सांगतो, तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला, अकरा घ्या. घ्यायला गेलो तर म्हणतो, तुमच्या मशीनला अकरा बसत नाही. अरे मग विचारतोस कशाला?"

शाळेतले क्लार्क, दवाखानेवाले, मेडिकलवाले, लग्नपत्रिका छापणारे, सगळे सध्या हेच गाऱ्हाणं घेऊन येतात. त्यांना मी काउंटरवर तुकड्या-तुकड्यांत जे सांगतो, ते एकदा सलग लिहून काढतोय.

आधी 'सपोर्ट संपला' या शब्दांचा अर्थ. विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ रोजी आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला १४ ऑक्टोबर २०२५ला. दुसऱ्या दिवशी अण्णांचं बिल नेहमीसारखं निघालं, प्रिंटरही चालला. थांबल्या त्या दर महिन्याला आपोआप येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. त्यांनाच पॅच म्हणतात. विंडोज म्हणजे कोट्यवधी ओळींचा कोड, त्यात भोकं सापडतच राहतात आणि सापडतील तशी कंपनी ती बुजवते. अमेरिकेतल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी हे पॅच निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. म्हणून बुधवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या 'बंद करू नका, अपडेट चालू आहे' असं वाचायला मिळतं.

सपोर्ट संपला की एक चमत्कारिक गोष्ट होते. दहा आणि अकरा या दोन विंडोजचा पाया बराचसा एकच आहे. अकरामधलं भोक बुजवणारा पॅच बाहेर पडला की चोर तो उघडून बघतात, नेमकं काय बुजवलं ते शोधतात आणि तेच भोक दहामध्ये उघडं आहे का ते तपासतात. म्हणजे शेजाऱ्याने कडी बदलली की आपल्या दाराची कच्ची बाजू चोराला कळते. संगणक पहिल्यासारखाच दिसतो, पण त्याच्यावरची जोखीम महिन्यागणिक वाढत जाते.

"माझ्या उधारीच्या वहीत कुणाला काय रस?" अण्णा म्हणाले. बरोबर आहे, कुणालाच नाही. पण हे चोर माणूस बघून येत नाहीत. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकासाठी पॅच काढला. अनेकांनी तो घेतला नाही. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा, फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा त्याच भोकातून जगभर पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा किडा आला. त्याने आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प केलं. हल्ला युक्रेनवर होता, उरणच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कंटेनरच्या ट्रकवाल्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मर्स्कला त्यानंतर ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं. मी दिवसाला चार फॉरमॅट मारले तर रात्री कंबर धरून बसतो.

या नॉटपेट्याची एक गंमत मात्र गिऱ्हाइकांना मी सहसा सांगत नाही. तो आत शिरला होता युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. 'अपडेट घ्या' असं सांगणाऱ्याने आपल्याच तोंडाने ही गोष्ट सांगणं अवघड जातं. तरीही पॅच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अण्णांचीही नव्हती. त्यांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता, आणि तो समजून घ्यायला त्यांचंच दुकान उपयोगी पडलं.

"अण्णा, खरिपात माणूस युरिया मागायला आला की तुम्ही काय देता?"

ते हसले. बोलले काहीच नाहीत.

शेतकरी वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, भाव सरकारने बांधलेला. पण ऐन हंगामात ती नुसती मिळतेच असं नाही. सोबत एखादी बाटली, सूक्ष्म अन्नद्रव्यांचं एखादं पाकीट गळ्यात मारलं जातं. याला बाजारात लिंकिंग म्हणतात. ते बेकायदेशीर आहे म्हणून दर हंगामात बातम्या येतात आणि दर हंगामात ते चालूच असतं. गोणी नाकारता येत नाही, कारण पीक उभं असतं.

"आम्हाला पण वरनं लिंकिंग लावूनच येतं," अण्णा शेवटी म्हणाले.

विंडोज अकराचं तसंच आहे. पॅच हा युरिया. तो पुढेही फुकट मिळत राहावा तर त्याच्याबरोबर घराची बदललेली मांडणी घ्यायची, कंपनीचा स्वतःचा माल घ्यायचा, आणि अण्णांसारख्या लोकांनी तर यंत्रच नवं घ्यायचं. 'लोकांना बदल नको असतो, म्हणून ते चिडतात' असं संगणकवाले म्हणतात, ते मला पटत नाही. याच अण्णांच्या काउंटरवर आज पैसे आल्याची घोषणा करणारा स्पीकर आहे. क्यूआर कोड लावायला त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती. फायदा दिसला, त्यांनी घेतला. चीड येते ती एक गोष्ट मागितल्यावर चार पदरात पडतात तेव्हा.

मांडणीपासून सुरुवात करू, कारण गिऱ्हाईक पहिली बोंब त्याचीच मारतं. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ला. डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण मधोमध आलं. ते सेटिंगमधून परत डावीकडे नेता येतं, तेवढं मी न विचारताच करून देतो. पण खालची पट्टी वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोय तेव्हा काढून टाकलेली होती. फाइल ओढून त्या पट्टीवर नेण्याची सोयही गेली होती, ती २०२२ मध्ये परत आली. सगळ्यात त्रास दिला तो एका बारीकशा गोष्टीने. आमच्या इथल्या पतसंस्थेतल्या एक मॅडम एका वेळी पाच-सहा एक्सेल उघडून बसतात: आवर्त ठेव, मुदत ठेव, कर्जखाते, पगार. विंडोज १० मध्ये प्रत्येक फाइलचं नाव खालच्या पट्टीवर वेगळं दिसायचं. नजर न हलवता त्या बरोबर कर्जखात्यावर जायच्या. अकरा टाकल्यावर पट्टीवर उरलं एक हिरवं चौकोनी चित्र. त्यावर माऊस न्यायचा, छोट्या खिडक्या उघडेपर्यंत थांबायचं, त्यात डोळे बारीक करून नाव शोधायचं, मग क्लिक. समोर ठेवीदार पासबुक धरून उभा. असं दिवसातून शंभरदा. नावं दिसण्याची ती जुनी सोय कंपनीने २०२३ मध्ये परत दिली, म्हणजे दोन वर्षांनी. मग ती काढलीच कशाला होती, हे त्या मॅडमनी मला विचारलं. मी गप्प बसलो.

उजव्या क्लिकचंही तेच. पूर्वी माऊसचं उजवं बटण दाबलं की सगळी यादी समोर यायची. आता आटोपशीर यादी येते आणि खाली 'आणखी पर्याय दाखवा' असतं. आटोपशीर दिसते खरी, पण हवी ती ओळ बऱ्याचदा त्या 'आणखी'मध्येच असते.

हे किरकोळ वाटतं ना? घरात कुणीतरी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या हलवून ठेवल्यात अशी कल्पना करा. मोहरीच्या जागी हळद, जिऱ्याच्या जागी तिखट. डबा तोच, मसाले तेच, कदाचित नवी रचना जास्त शहाणपणाचीही असेल. पण तेल तापलंय आणि हात सवयीने जुन्या जागी गेलाय. रोजच्या वापरात आपण विंडोज वाचत नाही, हाताने चालवतो. ही हाताची सवय मोडली की हुशार माणूससुद्धा पंधरा दिवस अडाण्यासारखा वागतो आणि ते त्यालाच सहन होत नाही. कंपनीला हे ठाऊक नसेल असं नाही. २६ ऑक्टोबर २०१२ला आलेल्या विंडोज ८ मध्ये त्यांनी स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. वर्षाच्या आत, १७ ऑक्टोबर २०१३च्या ८.१ मध्ये, ते गुपचूप कोपऱ्यात येऊन बसलं.

आता गोणीबरोबरची बाटली. विंडोज ११ची होम आवृत्ती पहिल्या दिवसापासून सेटअपच्या वेळी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. २०२२ पासून प्रो आवृत्तीही घरगुती वापरासाठी तेच मागू लागली. पूर्वी 'राजू' असं नाव टाकून पुढे जाता यायचं. एप्रिल २०२४ मध्ये स्टार्ट मेनूच्या 'शिफारस' या भागात ॲपच्या जाहिराती यायला लागल्या. त्या बंद करता येतात, पण बंद करायचं कलम कुठे आहे ते शोधायला माझ्यासारखा माणूस लागतो.

वनड्राइव्हचा मामला जरा समजावून सांगायला हवा, कारण यात लोकांना फाइल 'गेल्या'सारखं वाटतं. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं कपाट, ५ जीबीपर्यंत फुकट. सेटअपच्या ओघात त्याच्या 'बॅकअप'ला होकार गेला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा पत्ता बदलतो. फाइल दिसते तिथेच, पण तिचं खरं घर वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेलं असतं. लग्नाचे फोटो आणि मोबाइलचे व्हिडिओ असले की ५ जीबी भरायला वेळ लागत नाही. मग 'जागा संपली, विकत घ्या' सुरू होतं. वैतागून कुणी बॅकअप बंद केला की डेस्कटॉप रिकामा दिसतो. फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असतात, पण ज्याने रिकामा डेस्कटॉप पाहिलाय त्याच्या पोटात गोळा येतोच. तुमच्यावर अशी वेळ आली तर काहीही डिलीट न करता आधी त्या फोल्डरात बघा.

या गळेपडूपणाचं टोक म्हणजे रिकॉल. मे २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की नव्या खास संगणकांमध्ये विंडोज दर थोड्या सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवेल, म्हणजे तुम्हाला मागचं काहीही शोधता येईल. चाचणी आवृत्तीतला हा साठा कसा सहज वाचता येतो ते सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं. इतका गदारोळ झाला की ते लांबणीवर टाकून, स्वतःहून चालू केलं तरच चालू होईल असं करून, एप्रिल २०२५ मध्ये दिलं गेलं. ओरडलं की ऐकलं जातं, एवढं तरी त्यातून दिसलं.

हे सगळं गिळून माणूस अकरा घ्यायला तयार झाला, तरी अण्णांचा संगणक दारातच अडतो. त्यांची चिप इंटेलची आय-फाइव्ह, सातव्या पिढीची. विंडोज ११ला आठवी पिढी लागते, म्हणजे साधारण २०१७च्या उत्तरार्धापासून पुढची. एएमडीच्या चिप असतील तर रायझन २००० मालिकेपासून पुढच्या. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.०.

टीपीएम हा शब्द ऐकून लोक घाबरतात, पण कल्पना सोपी आहे. मदरबोर्डवर किंवा चिपच्या आतच एक बारीकशी तिजोरी असते, तिच्यात किल्ल्या राहतात. तुमची हार्ड डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर तिची किल्ली या तिजोरीत. संगणक चालू होताना प्रत्येक पायरीची नोंद होते आणि सगळं ओळखीचं असेल तरच तिजोरी किल्ली देते. चोराने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर तिथे ती तिजोरी नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून डिस्कवर नुसता कचरा दिसतो. सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा वॉचमन. विंडोज जागं होण्याआधी जे काही चालू होतं त्यावर ओळखीची सही आहे का, ते तो बघतो. यात वाईट काही नाही. दुकानातून चोरीला गेलेल्या लॅपटॉपमध्ये गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन करून ठेवलेली असतात तेव्हा ही तिजोरी मोलाची ठरते.

चिपच्या पिढीची अट का, याचं कंपनीने दिलेलं उत्तरही ऐकून घेऊ. विंडोज ११ आपला नाजूक भाग एका वेगळ्या बंद खोलीत चालवू पाहतं आणि बऱ्याच जुन्या चिपना ही खोली सांभाळताना धाप लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने असंही सांगितलं की अटीत न बसणाऱ्या संगणकांवर चाचणी आवृत्ती टाकली तेव्हा विंडोजचा गाभा कोसळण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी जास्त होतं. मान्य. पण त्याच निवेदनात सातव्या पिढीतल्या एका चिपला सूट दिली होती: आय-सेव्हन ७८२०एचक्यू. ही चिप मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकात होती. घरच्या म्हशीला गोठ्यात जागा मिळतेच.

आणि 'जुन्या विंडोजला किती दिवस पॅच देत बसणार' हे म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. पॅच बनतायत. कारखान्यातली यंत्रं, एटीएम अशा ठिकाणी चालणारी विंडोज १०ची एक खास दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे. २०२१ मध्ये निघालेल्या त्या आवृत्तीला १३ जानेवारी २०३२पर्यंत सपोर्ट जाहीर झालेला आहे. मोठ्या कंपन्यांना साध्या विंडोज १०चे पॅच ऑक्टोबर २०२८पर्यंत विकत मिळतात, पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट. म्हणजे गोदामात युरिया आहे. तो कुणाला नुसता द्यायचा आणि कुणाला लिंकिंग लावून, हे ठरवलेलं आहे. कॅनालिस या संस्थेने २०२३च्या शेवटी अंदाज केला होता की या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक मोडीत निघू शकतात.

आता ड्रायव्हर. हा भाग नीट वाचा, कारण घरातला स्कॅनर बंद पडतो तो यापायी.

प्रत्येक यंत्राची आपली बोली असते आणि विंडोजला ती कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. पूर्वापार अनेक दुभाष्यांना थेट गाभाऱ्यात प्रवेश होता. गाभारा म्हणजे विंडोजचं कर्नल. बाहेर मंडपात कुणी धडपडला तर त्याला बाजूला करता येतं, गाभाऱ्यात धडपडला तर देऊळच बंद करावं लागतं. निळा स्क्रीन येतो तो असा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख संगणक असेच निळे केले आणि आपल्याकडच्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यांचाही एक दुभाष्या गाभाऱ्यात बसलेला होता.

म्हणून दर मोठ्या बदलात विंडोज गाभाऱ्याचे नियम कडक करतं. ते योग्यच आहे. पण नियम बदलले की जुन्या यंत्राच्या कंपनीने नवा दुभाष्या लिहून द्यायला हवा, आणि दहा वर्षांपूर्वी विकलेल्या स्कॅनरसाठी तो लिहिण्यात तिचा काही फायदा नसतो. मायक्रोसॉफ्ट म्हणते ड्रायव्हर त्यांनी द्यावा, स्कॅनरवाले म्हणतात तुम्ही विंडोज का बदललीत, आणि चालता-बोलता स्कॅनर भंगारवाल्याकडे जातो.

३० जानेवारी २००७ला विंडोज व्हिस्टा दुकानांत आलं तेव्हा हे इतक्या मोठ्या प्रमाणात झालं की ते नावच बदनाम झालं. ड्रायव्हर तयार नव्हते, फाइल कॉपी करायला चहा पिऊन यायचा वेळ लागायचा. 'व्हिस्टा केपेबल' असं स्टिकर लावलेल्या कित्येक संगणकांवर त्याचं चकाकतं रूप चालतच नव्हतं. त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि कंपनीतले ईमेल बाहेर आले. मायक्रोसॉफ्टचेच उपाध्यक्ष माइक नॅश यांनी लिहिलं होतं की आपल्याकडे आता २,१०० डॉलरचं ईमेल वाचायचं मशीन आहे. त्याच व्हिस्टात 'तुम्ही नक्की हे करू इच्छिता का' असं विचारत राहणारी खिडकी आली. २००८ मध्ये कंपनीचे डेव्हिड क्रॉस एका परिषदेत उघड म्हणाले की ती लोकांना त्रास देण्यासाठीच ठेवली आहे. मतलब असा की लोक वैतागले की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मागे लागतील आणि ते आपले प्रोग्रॅम सुधारतील. योजना अगदीच फसली असंही नाही, प्रोग्रॅम सुधारले. फक्त कारखानदाराला शिस्त लावण्यासाठी गिऱ्हाइकाला चिमटे काढायचे, ही रीत मला कधी रुचली नाही.

मराठी डीटीपीवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. आमच्या इथले एक पत्रिकावाले अजून पानं मांडायच्या २००१ सालच्या पेजमेकरवर काम करतात. त्यांचे मराठी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या, आधीचे. त्यात 'क' हा खरा 'क' नसतो, इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल लागतं, म्हणजे संगणकाला खोचून ठेवायची चावी, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर जुन्या ३२ बिट पद्धतीचा. विंडोज १० ३२ बिटमध्येही मिळायचं, अकरा फक्त ६४ बिटमध्ये आहे आणि ६४ बिटच्या गाभाऱ्यात ३२ बिटच्या ड्रायव्हरला प्रवेशच नाही. डॉसवरचे जुने फॉक्सप्रोचे हिशेब तर तिथे नुसते उघडतही नाहीत. वीस वर्षांच्या पत्रिका, कार्यअहवाल, श्रद्धांजलीचे बॅनर त्या डब्यात अडकलेत. त्यांना मी एवढंच केलं: जुन्या डब्याचं इंटरनेट काढून टाकलं आणि मेलसाठी बाजूला दुसरा संगणक ठेवला. नेट नसलेल्या संगणकाला पॅचची तितकी घाई नसते. पेनड्राइव्ह मात्र जपून.

बाकीच्यांनी काय करावं, ते थोडक्यात. 'बसत नाही' असा संदेश आला म्हणून लगेच नवा संगणक घेऊ नका. अनेकदा टीपीएमची तिजोरी चिपमध्ये असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद असते. इंटेलमध्ये ती पीटीटी नावाने सापडते, एएमडीमध्ये एफटीपीएम. चिप आठव्या पिढीची किंवा पुढची असेल तर तेवढं चालू करून काम होऊन जातं. पण बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू आहे का ते बघा, आणि असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घ्या. नाहीतर संगणक चालू होताना तीच मागेल. एका कॉलेजच्या मुलाचा लॅपटॉप माझ्याकडे तीन आठवडे पडून होता. किल्ली ज्या खात्यात होती ते खातं विकणाऱ्या दुकानातल्या पोराने स्वतःच्या मोबाइलवर उघडून दिलं होतं, आणि ते पोरगं दुबईला गेलेलं.

अटींना वळसा घालून अकरा टाकायच्या युक्त्या आहेत, त्या चालतातही. पण पुढचे अपडेट येतीलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणून उधारीची वही असलेल्या संगणकावर मी ते करत नाही. फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि सातबारा बघायचा असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून घ्या, जुना डबा पळायला लागतो. आणि काहीही करण्याआधी डेटा दुसऱ्या डिस्कवर. हे मी ओरडून सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

अण्णांसाठी शिल्लक होता तो वाढीव मुदतीचा पर्याय. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १०चे सुरक्षा पॅच १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. त्यासाठी एक तर ३० डॉलर भरायचे, किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतले १,००० गुण द्यायचे, किंवा आपल्या सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवायला राजी व्हायचं, म्हणजे पैसे लागत नाहीत. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्यांना या अटी सैल करून फुकट दिलं. आपल्याकडे बाटलीसकट.

"म्हणजे पैसे नाहीत, पण खातं पाहिजे," अण्णा म्हणाले. "काढ की मग."

ईमेल विचारला. पाकिटातून त्यांनी एक चिठ्ठी काढली, घडीवर फाटलेली. त्यावर भाच्याच्या अक्षरात ईमेल आणि पासवर्ड. पासवर्ड चुकीचा निघाला. 'विसरलात का' दाबलं, कोड गेला एका मोबाइलवर, ज्याचे शेवटचे दोन आकडे होते ४७. अण्णांच्या नंबरच्या शेवटी ४७ नव्हते. त्यांनी भाच्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मामा, आलाय कोड," पलीकडून पुण्यातला आवाज आला. "पण मी गाडीवर आहे, थांबा सिग्नल लागू दे."

आम्ही सिग्नल लागायची वाट बघत बसलो. अण्णांनी चहा सांगितला.